रांजणाखालची माती

माघ लागला की आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा आंबा मोहरतो. बिल्डरनं बाकीची झाडं तोडली, हे एवढं ठेवलं, कारण ते नेमकं वळणावर होतं आणि त्याच्या जाहिरातीतल्या चित्रात वळणावर काहीतरी हिरवं होतं. भूगावच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायच्या आधी, सकाळी अर्धा-पाऊण तास, त्या मोहराचा वास सहाव्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीपर्यंत येतो. मग समोरच्या टेकडीवर मिक्सर घरघरायला लागतात, धूळ उठते आणि वास जातो. यंदा तो जरा जवळून घ्यावा म्हणून मी खाली उतरले. झाडाखाली मान वर करून उभी राहिले, दोन पावलं मागं सरले, आणि फरशीचा एक ठोकळा निघाला होता त्या खड्ड्यात माझा उजवा पाय गेला. पस्तीस वर्षं शाळेत पोरांना ‘खाली बघून चाला’ म्हणून ओरडणाऱ्या बाईचं हे असं झालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

हाड मोडलं नव्हतं. घोट्याचा अस्थिबंध दुखावला होता. दोन आठवडे पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ‘घरी कोण आहे?’ असं विचारलं. मी म्हटलं, ‘मी आहे.’ त्यांना तो विनोद वाटला. माझं लग्न झालं नाही आणि मी केलंही नाही, दोन्ही खरं आहे. पण दवाखान्यात एवढं सगळं सांगत बसत नाही कुणी.

शेजारच्या फ्लॅटमध्ये श्रुती राहते. तिशीची, हिंजवडीच्या कंपनीत आहे आणि रविवारी पहाटे उठून वीस-वीस किलोमीटर पळते. तिनं स्वतःच्या फ्रीजरमधून एक निळी पिशवी आणून दिली. आत मऊ, लिबलिबीत काहीतरी होतं.

“काकू, मध्ये टॉवेल घ्यायचा. वीस मिनिटं ठेवायचं, मग काढायचं. दोन तासांनी परत. मी तुमच्या फोनला अलार्म लावून देते.”

“आणि विसरले तर?”

“म्हणून तर अलार्म, काकू!” असं म्हणून ती हसली, कानाला हेडफोन लावला आणि मीटिंगला निघून गेली. पोरगी गुणाची आहे. पण तिचा दिवस तिचा नसतो.

तर असं चाललं होतं. दोन तासांनी फोन किणकिणायचा, मी वॉकर ढकलत फ्रीजपर्यंत जायची, पिशवी आणायची, पाय स्टुलावर ठेवायची. वीस मिनिटांनी फोन पुन्हा किणकिणायचा. या घरात दिवसातून सहा वेळा माझी चौकशी करणारं तेवढंच एक होतं. निळी पिशवी आपलं काम चोख करते, त्याबद्दल तक्रार नाही. पहिली दोन मिनिटं चावते, मग जळजळते, मग पाय आपला नाहीच असा होतो. सूज उतरते. पिशवी पुन्हा फ्रीजरमध्ये मटारच्या शेजारी जाऊन पडते. तिला माझी गरज नाही, मला तिची आहे.

श्रुती सांगते, लांब पळून आल्यावर तिच्या ग्रुपमधले लोक टबात बर्फ ओतून गळ्यापर्यंत बसतात. मैदानावर खेळाडू पडला की त्याच्या पायावर फवारा मारतात, तो उठून पळायला लागतो. आता तर म्हणे काही जण बर्फ लावूच नका असंही म्हणायला लागलेत, सूज म्हणजे शरीरच दुरुस्तीला लागलेलं असतं म्हणे. मी विज्ञान शिकवायची, त्यामुळे मला या सगळ्याचं कौतुक आहे. कौतुक करता करता मी पाय बघते, आणि माझं मन दुसऱ्याच एका पायाकडे जातं. दरवर्षी माघात जातं. यंदा जायला नुसतं निमित्त मिळालं.

आमच्या गावच्या घरामागं जांभळाखाली एक रांजण होता. अर्धा जमिनीत पुरलेला, पोटापर्यंत ओला. आई तांबडं फुटायच्या आत विहिरीवरून हंडे आणून तो भरायची. रांजण झिरपायचा आणि त्याच्या भोवतीची माती बारा महिने काळी, ओली, लोण्यासारखी मऊ असायची. एक बेडूक तिथं कायमचा मुक्कामाला होता. गांधीलमाशी चावली, कपाळाला टेंगूळ आलं, तव्यानं भाजलं, की आई दोन बोटांनी ती माती उचलायची आणि थापायची. आमच्याकडे लागलं की रडत आईकडे जायची पद्धत नव्हती, रडत रांजणाकडे जायची होती. आई तिथंच गाठायची.

मोठं लागलं असेल, हात-पाय मुरगळला असेल, तर मातीवर जुन्या लुगड्याच्या धडप्याचं जाड फडकं यायचं. रांजणाच्या पाण्यात बुडवायचं, पिळायचं, टाकायचं. पाच-सात मिनिटांत अंगाच्या उबेनं ते तापतं. मग काढायचं, बुडवायचं, पुन्हा टाकायचं. तापलं की नाही हे घड्याळ सांगत नाही, हात सांगतो. त्यामुळे कुणीतरी शेजारी बसून राहावंच लागायचं. घरातली माणसं आळीपाळीनं बसायची, शेजारची यायची, आणि त्याला आमच्याकडे ‘फडक्याची बारी’ म्हणत. तिचा एकच नियम होता. फडक्याला बसलेल्या माणसानं दुसरं माणूस आल्याशिवाय उठायचं नाही. विस्तवावर दूध उतू गेलं तरी नाही.

पहिले तीन दिवस गार, मग आंबेहळद नि रक्तबोळाचा ऊन लेप. पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा लक्षात आलं की आधी गार आणि मग ऊन हा क्रम डॉक्टरांचाही तोच आहे. तेव्हा मात्र मला ते सगळं अडाणीपणाचं वाटायचं.

तेव्हा म्हणजे त्या माघात. मी एकोणीस वर्षांची होते. पुण्याला मामाकडे राहून कॉलेज करत होते. कॉलेजच्या शिबिरात प्रथमोपचाराचा आठ दिवसांचा वर्ग झाला होता आणि त्याचं प्रमाणपत्र मी जत्रेला येताना पिशवीत घालून आणलं होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. आल्या-गेल्या पाहुण्याला दाखवून झालं. माझ्या मनगटावर त्यांनीच घेऊन दिलेलं घड्याळ होतं. मी हात उगाचच पुढं धरून चालायची.

माझा भाऊ दत्ता माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तालमीतलं सगळ्यात चांगलं पोरगं. जत्रेनंतर त्याला कोल्हापूरला पाठवायचं ठरलं होतं. गावच्या वस्तादांनी तिथल्या तालमीत शब्द टाकला होता. आईनं त्याच्या ट्रंकेला रंग दिला होता. तो रंग वाळायचा बाकी होता.

माघातली दुपार आमच्याकडे फसवी असते. सकाळी दवानं वाटा ओल्या, धरणाच्या पाण्यावर धुकं, घोंगडी सोडवत नाही. आणि बारा वाजले की ऊन चटका देतं. त्या दुपारी आखाड्याला हलगी कडाडत होती. आम्ही पोरी देवळाच्या ओट्यावर उभ्या होतो. समोरच्यानं दत्ताचा एक पाय धरून एकेरी पट काढला. दत्ताचा दुसरा पाय मातीत रुतून राहिला आणि अंग फिरलं. लांबून काही कळलं नाही. फक्त हलगी थांबली.

चौघांनी उचलून घरी आणला. गुडघा वाकडा दिसत होता आणि फुगत चालला होता. वस्ताद पंच होते, कुस्त्या संपल्याशिवाय त्यांना आखाडा सोडता येत नव्हता. आईनं धडपं फाडायला घेतलं.

“थांब आई,” मी म्हटलं. “चिखल नको त्याच्यावर फासूस. याला बर्फ लागतो.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या खिळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं. “तुला समजतंय न्हवं?” तिनं विचारलं.

“समजतं.”

जत्रेत गोळेवाल्याची गाडी होती. त्याच्याकडून मी भुशात, गोणपाटात गुंडाळलेला बर्फाचा मोठा खडा आणला. तो उघडाच गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवला आणि दादांच्या जुन्या फेट्याच्या पट्टीनं आवळून बांधला. मध्ये कापड घ्यायचं असतं, हे मला शिकवलं होतं. वीस मिनिटांनी काढायचं असतं, हेही शिकवलं होतं. पण मला गारवा लवकर पोचवायचा होता आणि घरभर पाहुणे बघत होते. आईच्या मागं पन्नास माणसांचा स्वयंपाक होता. “तू जा, मी बसलेय त्याच्याजवळ,” असं मी तिला सांगितलं, आणि माझ्या शब्दावर ती चुलीकडे गेली.

दहा-बारा मिनिटांत दत्ताचा कण्हण्याचा आवाज थांबला. तो चक्क हसला. “ताई, लई भारी. आता काय बी लागत न्हाई बघ.”

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. त्या क्षणी मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात दारात मैत्रिणी आल्या. त्यांना बांगड्या भरायच्या होत्या, पाळण्यात बसायचं होतं, पुण्याच्या गोष्टी ऐकायच्या होत्या. दत्ताचा डोळा लागल्यासारखा झाला होता. “आलेच,” असं मी त्याला म्हटलं आणि उठले.

दुसरं माणूस आलं नव्हतं. मी उठले.

बांगड्यांच्या दुकानात मी सगळ्यांना सांगितलं की मातीबिती काही नाही, बर्फानं कसं दहा मिनिटांत दुखणं थांबवलं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. किती गोड वाटतं ते! घड्याळ हातात होतं, त्याच हातात नव्या बांगड्या भरल्या आणि घड्याळ बांगड्यांखाली गेलं. परत आले तेव्हा आखाडा रिकामा होत होता. दोन तास झाले होते. बर्फाचं पाणी झालं होतं, ओली पट्टी आखडून मांसात रुतली होती. मी ती सोडवायला गेले तर गाठ सुटेना. खालची कातडी मेणासारखी पांढरी होती. दत्ता जागा झाला आणि उठून बसायला लागला. त्याचं पाऊल खाली लोंबत राहिलं.

मग वस्ताद आले. त्यांनी विळ्यानं पट्टी कापली. दत्ताच्या पायाशी बसले आणि अंगठ्यापासून वर एकेक जागा दाबत गेले.

“हितं लागतंय?”

“न्हाई.”

“हितं?”

“न्हाई.”

“आन हितं?”

या वेळी दत्तानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काय चुकलं ते मी सांगेन अशा भरवशानं पाहिलं. ताईला समजतं, असं घरात सगळ्यांनी ठरवलेलंच होतं.

त्याला पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याच्या बाहेरून पाऊल उचलणारी नस जाते, ती दुखावली आहे. पडतानाच ताणली असेल, किंवा बर्फानं नि आवळल्यानं गेली असेल, किंवा दोन्हीनं. आता सांगता येणार नाही. ‘सांगता येणार नाही’ हे वाक्य घेऊन मी आज त्रेचाळीस वर्षं जगते आहे. पाय नक्की बर्फानंच गेला असं कुणी म्हणालं असतं तर एकदाच रडून मोकळी झाले असते. बर्फानं नाही गेला असं म्हणालं असतं तर काय, सुटलेच असते. मला दोन्ही मिळालं नाही.

घरी आणल्यावर वस्तादांनी शेवटी रांजणाची माती काढली. भाजल्यासारखी झालेली कातडी सांभाळून, भोवतीनं लावली. फडक्याची बारी सुरू झाली. आई बसायची, दादा बसायचे, वस्ताद बसायचे, शेजारची म्हातारी बसायची. मी दाराच्या चौकटीत पुस्तक घेऊन उभी राहायची. दुपारी आईची बारी संपत आली की मी पुढं व्हायची. आई फडकं पिळता पिळता म्हणायची, “ऱ्हाऊ दे. तुजी परीक्षा हाय. आब्यास कर.”

घरात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. फक्त माझी बारी आली नाही. पंधरा दिवस वाट पाहून मी पुण्याला गेले. परीक्षेत माठातलं पाणी गार का होतं, असा प्रश्न आला होता. मी पूर्ण उत्तर लिहिलं. पहिला वर्ग मिळाला, आणि घरी पत्र टाकलं.

पुढं तोच धडा मी किती वर्षं शिकवला असेन! पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. एकदा एका मुलीनं विचारलं, “बाई, मग ते गार होत होत बर्फ का नाही होत?” मी फळ्याकडे तोंड करून उत्तर दिलं. हवेत जेवढी कोरड असेल तेवढंच ते गार होतं, त्याच्या खाली जात नाही. हा गारवा आपली पायरी सोडत नाही. बर्फाला अशी पायरी नसते, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं, तो आपण होऊन थांबत नाही. मुलगी खाली बसली. मी बराच वेळ फळा पुसत होते.

म्हणून मी मातीची भक्त झाले असं नाही. मातीनं दत्ताचा गुडघा बरा झाला असता असं मी मानत नाही. त्या पायाला चांगला सर्जन हवा होता आणि तो वेळेवर हवा होता. कच्च्या जखमेवर माती लावली तर धनुर्वात होतो, हे मी वर्गावर ओरडून सांगायची. पण एवढं मात्र मला दिसतं की आमच्या फडक्याला दर पाच मिनिटांनी माणूस लागायचा, हा त्याचा दोष आम्ही शिकलेल्यांनी काढून टाकला. आता कुणी लागत नाही. स्टुलावर पाय ठेवून मी दुपारभर याचा विचार करते आणि अलार्म वाजतो.

दत्ताच्या बोटांना हळूहळू थोडं कळायला लागलं, पण पाऊल पुरतं उचललं गेलं नाही. कोल्हापूरची ट्रंक दाणे भरायला गेली. तो गावातच राहिला, लग्न झालं, चार म्हशी केल्या, रस्त्याकडेच्या खोल्या पिरंगुटच्या कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या. आणि वस्ताद गेल्यावर तालमीची माती तो बघायला लागला. हौद खणायचा, माती चाळायची, ताक, तेल, हळद घालून मळायची. ज्या मातीत त्याला उतरता आलं नाही तिला तो रोज हात लावतो. चालताना त्याच्या डाव्या पायाचा चपलेसकट ‘चप्’ असा आवाज होतो. लांबून कळतं, दत्ता आला.

भाऊबीजेला मी त्याला ओवाळते. तो पाटावर बसतो, डावा पाय लांब करून. मी कपाळाला टिळा लावते, हातात करगोटा देते, ताट फिरवते, पण नजर त्या पायाकडे जाऊ देत नाही. त्रेचाळीस वर्षांत मी त्या गुडघ्याला हात लावलेला नाही, त्याविषयी विचारलेलंही नाही. जत्रेला जाते, पण सकाळीच. देवीला नैवेद्य दाखवते, वहिनीच्या हातचं जेवते आणि हलगी वाजायच्या आत परतीची गाडी धरते. म्हातारपणी गावापासून अर्ध्या तासावर फ्लॅट घेतला, गावात नाही घेतला. फार जवळ नको आणि फार लांबही नको, असं मी लोकांना सांगते. लोकांना ते शहाणपणाचं वाटतं.

यंदा जत्रेच्या आदल्या दिवशी मी दत्ताला फोन केला. ‘येणं जमत नाही रे, काम आहे’ एवढंच म्हटलं. तो ‘बरं’ म्हणाला. घोट्याचं मी सांगितलं नाही. पाय दुखतो असं त्याला कोणत्या तोंडानं सांगणार होते?

जत्रेची दुपार इतकी लांब कधी झाली नव्हती. श्रुती ऑफिसात होती. खाली पोरांच्या बसचा हॉर्न वाजला, कुरिअरवाला दुसऱ्याच दाराची बेल वाजवून गेला. साडेतीन वाजले. आता गावात जोडी लावत असतील, असं वाटलं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग फरशीवर चप्, चप्, चप्.

मी दार उघडलं. दत्ता उभा होता. पांढरा सदरा, कपाळाला भंडारा, एका हातात प्रसादाची पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

“कुस्त्या सोडून आलास?”

“कुस्त्या काय पळून जात्यात व्हय? तू जत्रंला आली न्हाईस, म्हंजी कायतरी मोडलं आसंल म्हनलं.”

“मोडलं नाही. मुरगळलाय.”

“मग फोनवर काम हाय म्हनलीस त्ये?”

“पाय वर करून बसायचं, हेच काम.”

तो हसला. बाजूला पडलेली निळी पिशवी उचलून त्यानं दाबून पाहिली. “ह्ये व्हय. आमच्या तालमीतली पोरं फवारा आनत्यात. फुस्स करत्यात आन लगीच जोड धरत्यात. दुकायचं कळंना झालं, की मानूस परत त्योच पाय टाकतंय.”

डबा उघडला तेव्हा खोलीत गावाचा वास आला. काळी, ओली, मऊ माती.

“रांजण आहे अजून?”

“हाय की. पानी कोन बी पीत न्हाई, फ्रीज हाय घरात. पन मी भरतो रोज.”

“कशाला?”

“माती वाळंल न्हवं,” तो म्हणाला.

वर बस म्हटलं तर ऐकेना. फडक्याला खालीच बसतात, म्हणाला. भिंतीला धरून, डावा पाय लांब करून तो कसाबसा फरशीवर टेकला. माझ्या घोट्याला त्यानं माती लावली, बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, टाकलं. आणि त्याच्यावर हात ठेवून बसून राहिला. तो गारवा चावत नाही. तो येतो आणि थोडा वेळ थांबून जातो, मग कुणीतरी फडकं बदलतं आणि तो पुन्हा येतो. किती वर्षांनी कुणी माझ्या पायाशी बसलं होतं, ते आठवायला गेले आणि मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. साठीनंतर लपवायचं तरी कुणापासून?

“दत्ता,” मी म्हटलं, “बर्फानं गेला का रे तुझा पाय?”

त्यानं फडकं उलटं केलं. “कुनाला ठावं. डाक्टरला कळलं न्हाई, मला काय कळनार.”

“मला रोज वाटतं…”

“बरफाचं मला कवाच वाटलं न्हाई, ताई.” तो माझ्याकडे न बघता बोलत होता. “तू उटून गेलीस, त्ये लागलं. मदीच जाग आली तर तू न्हवतीस. हाका मारल्या. हलगी चालू, कोन ऐकतंय.”

एवढी वर्षं मी स्वतःवर खटला चालवला आणि गुन्हाच भलता लावून बसले होते. बर्फ, कापड, आवळलेली पट्टी, वीस मिनिटं, सगळं तपासून झालं होतं. फडक्याची बारी सोडून उठले, हे मला ठाऊक होतं, पण ते मी कधी मोजलं नव्हतं. त्यानं तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

तासाभरानं तो उठायला गेला आणि गुडघा अडकला. तोंड वाकडं करून तो परत खाली बसला, मग खुर्चीला धरून वर आला आणि धपकन तीत बसला. “म्हातारा झाला ह्यो बी,” असं म्हणून त्यानं डावा पाय उचलून माझ्या स्टुलावर, माझ्या पायाशेजारी ठेवला. धोतर वर सारलं. त्या जागची कातडी अजून वेगळी दिसते, पांढुरकी, चुरगळलेली. मी पहिल्यांदा नीट पाहिली.

“तुजं त्ये निळं लाव की जरा,” तो म्हणाला.

“माती आहे ना शिल्लक.”

“माती माजी. तू तुजं लाव.”

मी वॉकर ढकलत फ्रीजपर्यंत गेले. तो उठू लागला तर ‘बस’ म्हणून दरडावलं. टॉवेलाची एक घडी घातली, मग दुसरी घातली. पिशवी आधी माझ्या गालाला लावून पाहिली. त्या पांढुरक्या जागेपासून दूर, गुडघ्याच्या वाटीवर ती ठेवली आणि बांधली नाही, हातानं धरली.

“किती येळ?”

“वीस मिनिटं. त्याच्या आधी काढायची असली तर सांग.”

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला दहा मिनिटं होती. आम्ही दोघं म्हातारे एका स्टुलावर पाय टाकून बसलो. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं आणि गाड्यांचा आवाज चालू होता. मी दर दोन मिनिटांनी त्याच्या पावलाला, अंगठ्याला बोट लावायची.

“लागतंय?”

“लागतंय.”

पाच वाजून पाच मिनिटांनी दाराची बेल वाजली. श्रुती लवकर आली असेल, किंवा दूधवाला असेल. पुन्हा वाजली.

“ताई, बेल वाजतीया.”

“वाजू दे,” मी म्हटलं. “हितं लागतंय का सांग.”

“लागतंय की,” दत्ता म्हणाला.